जुन्या हेलिकॉप्टर किटची काच बसत नाही, बसलीच तर धुरकटते किंवा तडकते: कारणं आणि उपाय

विमानाच्या प्लास्टिक किटमध्ये, म्हणजे सुटे भाग जोडून छोटं मॉडेल बनवायच्या संचात, काच (खरं तर पारदर्शक प्लास्टिक) म्हणजे कॉकपिटवरचं छोटं झाकण. हेलिकॉप्टरच्या किटमध्ये अख्खं नाकच काचेचं असतं. बेल ४७ चा बुडबुडा, अलूएत २ चा काचगोल, गझेलचं नाक, ह्यूईची पुढची काच आणि पायाखालच्या खिडक्या, सगळीकडे तेच. त्यामुळे जुन्या साच्याची जी काही अचूकता झिजून गेली असेल, ती काचेच्या सांध्यावर येऊन उघडी पडते. तक्रारी ठरलेल्या आहेत. नुसती ठेवून पाहिली तेव्हा बरी बसणारी काच चिकटवायच्या वेळी एका बाजूने अर्धा मिलिमीटर वर राहते. दाबून बसवली तर काही दिवसांनी कोपऱ्यातून तडा जातो. सुपरग्लू लावला तर आतून पांढरी पडते.

यात काचेचा स्वतःचा दोष फार कमी वेळा असतो. बॉडीचे दोन अर्धे भाग, केबिनची फरशी आणि पाठीमागची भिंत यांनी मिळून जी रुंदी ठरवली, ती चुकलेली असते. म्हणून काच शेवटी बसवायची असली तरी तिचं माप बॉडी बंद करण्याआधी घ्यायचं.

आधी गुन्हेगार शोधा

बॉडीचे दोन भाग आत काहीही न घालता फक्त मास्किंग टेपने जोडा. टेपचे तुकडे दर दोन-तीन सेंटीमीटरवर लावा, एकच लांब पट्टी ओढून लावू नका. ती बॉडीला पीळ देते. आता काच ठेवून पाहा. नीट बसली, तर बॉडी आणि काच दोन्ही निर्दोष आहेत. मग फरशी आणि मागची भिंत आत घाला, पुन्हा टेप लावा, पुन्हा काच ठेवा. आता बसत नसेल तर आतला भाग बॉडीला फाकवतोय. रिकाम्या बॉडीवरसुद्धा बसत नसेल, तरच बॉडी किंवा काच यांच्याकडे संशयाने पाहायचं.

त्यानंतर व्हर्नियर कॅलिपरने तीन ठिकाणी रुंदी मोजा: काचेच्या खालच्या कडेला, छताच्या कडेला आणि दाराच्या मागच्या खांबापाशी. काचेची आणि बॉडीची मापं शेजारी शेजारी लिहा. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर मामला सोपा आहे, नुसती रुंदी कमी किंवा जास्त करायची आहे. खाली फरक शून्य आणि वर ०.८ मिमी असं निघालं तर बॉडीला पीळ आहे, किंवा मागची भिंत वरच्या बाजूला रुंद आहे. एका बाजूचीच कड उंच राहत असेल तर बहुधा त्या अर्ध्या भागाच्या कडेवर फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून आलेला पातळ पापुद्रा, शिल्लक आहे. झिजलेल्या साच्यांत तो काचेच्या खोबणीतच जास्त साठतो आणि करड्या प्लास्टिकवर चटकन दिसत नाही. बोटाने चाचपून पाहा.

एक कारण हमखास सुटतं: रंग. फरशीच्या कडेवर, बॉडीच्या आतल्या खोबणीत आणि काचेच्या ओठावर ब्रशने दिलेले जाड हात एकत्र आले की कोऱ्या प्लास्टिकवर बसलेली काच रंगानंतर बसत नाही. सांध्याच्या जागा रंगवण्याआधी टेपने झाकाव्यात, नाहीतर चिकटवण्यापूर्वी सुरीच्या पात्याने खरवडून साफ कराव्यात. तसंही रंगावर लावलेला सिमेंट, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणारा गोंद, प्लास्टिकला धरत नाही.

बॉडी रुंद, काच अरुंद

सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. फरशी आणि मागच्या भिंतीच्या कडा दोन्ही बाजूंनी सारख्या घासून कमी करा. सपाट, खऱ्या काचेच्या तुकड्यावर ३२० नंबरचा सँडपेपर चिकटवून त्यावर भाग उभा धरून घासला की कड सरळ राहते. हातात पेपर धरून घासलं तर कड गोल होते आणि मग फरशी झुलते. दर चार-पाच फेऱ्यांनी ठेवून पाहा. घासलेलं प्लास्टिक परत येत नाही.

आतले भाग नसतानाही बॉडी रुंद असेल, तर दोन्ही अर्ध्या भागांच्या सांध्याच्या कडा त्याच पेपरवर घासाव्या लागतात. फरक ०.५ मिमी असेल तर प्रत्येकी ०.२५ मिमी. यात जुन्या किटची एक अडचण आहे: पृष्ठभागावरचे उठावदार रिव्हेट आणि पॅनेलच्या रेषा सांध्याजवळ जातात. त्या जाणारच आहेत असं गृहीत धरा, कारण सांधा भरून घासतानाही त्या वाचत नाहीत. नंतर स्प्रूच्या, म्हणजे किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या, पातळ ओढलेल्या तारेने रेषा पुन्हा उठवता येतात.

रुंद बॉडी बोटांनी दाबून काचेच्या मापात आणणं आणि तशीच चिकटवणं हा मोह टाळा. प्लास्टिक तो ताण विसरत नाही. बॉडी बाहेर ढकलत राहते, सांध्यातली काच ओढली जाते आणि पुढे रंगाचं थिनर किंवा वॉश (खाचांत सोडायचा पातळ रंग) त्या ठिकाणी पोचला की तडा पडतो.

बॉडी अरुंद, काच रुंद

इथे दोन मार्ग. फरक ०.३ मिमीपर्यंत असेल तर आतून आडवी कांडी टाका. स्प्रूचा सरळ तुकडा काचेच्या मापापेक्षा किंचित लांब कापून, घासत घासत बरोबर लांबीवर आणा आणि डॅशबोर्डच्या मागे किंवा छताच्या आत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी बसवा. फरक त्याहून जास्त असेल तर दोन भागांच्या मधल्या सांध्यातच प्लास्टिक शीटची पट्टी घाला. ०.२५ आणि ०.५ मिमी जाडीची शीट जवळ असली की बहुतेक मापं जुळतात. पट्टी नाकापासून रोटरच्या खांबाच्या जागेपर्यंत घाला आणि मागे शेपटाकडे निमुळती घासत न्या, नाहीतर शेपटाची नळी फाटल्यासारखी उघडी राहते. पट्टी बाहेर एक मिलिमीटर ठेवायची आणि सिमेंट पूर्ण वाळल्यावर, म्हणजे निदान एक रात्र गेल्यावर, कापून घासायची.

पीळ असलेली बॉडी एकदम चिकटवू नका. नाकापासून सुरुवात करा, दोन-तीन सेंटीमीटरचा सांधा सिमेंटने जोडा, टेप लावा, काच ठेवून खात्री करा, वाळू द्या, मगच पुढचा तुकडा. शेपूट सगळ्यात शेवटी. शेपटावर उरलेली पायरी घासून, पुटी (फट बुजवायचा लेप) भरून लपवता येते. काचेजवळची पायरी लपवायला जागाच नाही. किटच्या सूचनापत्रिकेत क्रम उलटा असला तरी हाच क्रम धरावा.

वजन कुठे आणि कशाने

अलूएत ३ सारखी नाकाला चाक असलेली मॉडेलं वजन न घालता शेपटीवर बसतात. विमानाच्या नाकात वजन लपतं, इथे नाक पारदर्शक आहे. उरतात त्या जागा म्हणजे फरशीखालची पोकळी, पुढच्या सीटांचा आतला भाग आणि मधल्या कन्सोलची पेटी. वजन मागच्या चाकांच्या आसाच्या पुढे जितकं लांब, तितकं कमी लागतं. सगळे भाग, रोटर आणि शेपटासकट, टेपने जोडा, मागच्या चाकांच्या रेषेखाली पेन्सिल आडवी ठेवा आणि नाक खाली झुकेपर्यंत वजन वाढवा. त्यावर थोडं जास्तीचं घाला, कारण पुटी आणि रंग शेपटाकडेच जास्त लागतात.

याचा काचेशी संबंध असा. शिशाचे छर्रे पांढऱ्या पीव्हीए गोंदाने चिकटवून बंद पोकळीत ठेवले तर गोंदातल्या आम्लामुळे शिसं हळूहळू गंजतं, पांढरी भुकटी होते आणि ती फुगते. वर्षांनंतर फरशी वर उचलली जाते, बॉडीचा सांधा फाकतो आणि काच सुटते. शिसं वापरायचंच असेल तर इपॉक्सीत (दोन घटक मिसळून घट्ट होणाऱ्या गोंदात) बुडवा. स्टीलच्या बेअरिंगच्या गोळ्या किंवा टंगस्टनची पुटी असेल तर हा प्रश्नच येत नाही.

काचेची तयारी

बॉडीचं प्लास्टिक आणि काचेचं प्लास्टिक दोन्ही पॉलिस्टायरीनच, पण बॉडीच्या प्लास्टिकमध्ये रबर मिसळलेलं असतं आणि काचेत नसतं. म्हणून काच वाकत नाही, फुटते. स्प्रूवरून कटरने काचेच्या लगत चिमटा घेतला की तडा थेट खिडकीत शिरतो. बारीक करवतीने दोन मिलिमीटर दूर कापा आणि उरलेला ठोंब घासून काढा.

जुन्या किटमध्ये काचेचे भाग बाकीच्या स्प्रूबरोबर एकाच पिशवीत वर्षानुवर्षं घासलेले असतात. ओरखडे काढताना ६०० नंबरचा पेपर फक्त ठोंबाच्या खुणेवर किंवा बुडबुड्याच्या मध्यावर असलेल्या साच्याच्या रेघेवर वापरा. पुढे १०००, २०००, मग ३२०० ते १२००० नंबरची पॉलिशची कापडं, सगळं ओलं. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवा. आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याशिवाय पुढच्या नंबरावर जाऊ नका. शेवटी पॉलिशिंग कंपाउंड मऊ सुती कापडाने. ड्रिलला बफ लावून काम उरकायचा प्रयत्न करू नका, घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभाग वितळून लाटा येतात आणि त्या निघत नाहीत.

घासून झाल्यावर काच सौम्य साबणाच्या पाण्यात धुवा, हवेवर वाळवा आणि पारदर्शक अॅक्रिलिक फ्लोअर पॉलिशमध्ये बुडवून काढा. खालची कड टिश्यूला टेकवून जास्तीचा थेंब शोषून घ्या, धूळ बसू नये म्हणून डब्याखाली झाकून ४८ तास तसंच ठेवा. बारीक ओरखडे भरले जातात आणि सुपरग्लूच्या वाफेपासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं. थर खराब झाला तर अमोनिया असलेल्या काच पुसायच्या द्रवाने तो निघतो, पुन्हा बुडवता येतं. याच कारणाने अमोनियाचा वास येणारं द्रव मास्किंग (रंग लागू नये म्हणून ब्रशने लावायचं झाकण) अशा काचेवर लावू नये. साधी मास्किंग टेप बरी.

ह्यूईसारख्या मशीनवर छताच्या खिडक्या हिरव्या छटेच्या असतात. त्या बसवण्याआधी आतून पारदर्शक हिरव्या अॅक्रिलिक रंगाचे पातळ हात द्या. पांढऱ्या कागदावर ठेवून छटा तपासा, कारण केबिनवर बसल्यावर ती गडद दिसते.

चिकटवणं

काच कशी बसली आहे यावर गोंद ठरतो. नुसती झाकणासारखी ठेवलेली खिडकी असेल तर पीव्हीए किंवा कॅनॉपीसाठी (कॉकपिटच्या काचेसाठी) मिळणारा पांढरा गोंद पुरेसा. तो वाळून पारदर्शक होतो, बाहेर आलेला ओल्या काडीने पुसता येतो, आणि ०.२ मिमीपर्यंतची फट स्वतःच भरतो. काचेवर वरचा भार येत असेल, म्हणजे काचेच्याच कडेवर छत टेकलेलं असेल, तर पीव्हीए अपुरा पडतो. तिथे पाच मिनिटांचा इपॉक्सी सुईच्या टोकाने ठिपक्या-ठिपक्यांनी लावा, किंवा पातळ सिमेंट वापरा.

पातळ सिमेंट काचेवर वापरायचा तर सांध्याला ब्रशचं टोक नुसतं टेकवायचं, तो आपोआप आत ओढला जातो. ब्रश आधी बाटलीच्या काठावर जवळजवळ कोरडा करून घ्या. सांध्यावरून टेप किंवा बोट गेलेलं असेल तर सिमेंट त्याच्याखाली शिरतो आणि खिडकीच्या मधोमध बोटाचा ठसा कोरला जातो. टेप सांध्याला ओलांडून लावावी लागली तर ती सांध्यापाशी पुलासारखी उचलून ठेवा.

सुपरग्लू टाळा. त्याची वाफ काचेवरच्या ओलाव्यावर आणि बोटांच्या ठशांवर जमून पांढरी साय धरते, आणि बंद केबिनमध्ये तिला बाहेर जायला वाट नसते. आतले भाग सुपरग्लूने चिकटवले असतील तर बॉडी उघडी ठेवून दोन दिवस थांबा, मगच काच लावा. सिमेंटच्या बाबतीतही हेच. ओल्या सांध्यांची वाफ कोंडली की काचेचा आतला चेहरा मंद होतो.

०.२ ते ०.५ मिमीची फट अॅक्रिलिक पुटीने भरा आणि ती वाळण्याआधी ओल्या कापसाच्या काडीने सपाट करा. घासायची गरजच पडत नाही. ट्यूबमधल्या वासाच्या पुटीत सॉल्व्हंट असतं, ती काचेच्या कडेला खाते. ०.५ मिमीच्या वर फट असेल तर पुटी नको: बॉडीच्या कडेवर प्लास्टिकची पट्टी चिकटवून कडच पुढे आणा. भर घालायची ती बॉडीला, काचेला नाही.

रंगाचाही क्रम आहे. काचेच्या चौकटींवर बाहेरून आधी केबिनच्या आतला रंग, त्यावर बाहेरचा. नाहीतर आतून पाहिलं की चौकटी बाहेरच्या रंगाच्या दिसतात. काचेच्या उघड्या कडा काळ्या मार्करने रंगवल्या तर प्रकाश त्यांत चमकत नाही आणि काच पातळ वाटते. १/७२ च्या किटमधली एक मिलिमीटरची काच खऱ्या मापात ७२ मिलिमीटर होते, म्हणून ही फसवणूक उपयोगी आहे.

बिघडलंच तर

काच बसल्यावर आतून धुरकटली असेल तर ती उपटायच्या आधी एक प्रयोग करा. बॉडीच्या पोटाला, दिसणार नाही अशा जागी, दीड मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रॉपरने फ्लोअर पॉलिश आत सोडा, मॉडेल हलवून काचेच्या आतल्या बाजूला फिरवा, उलटं करून बाहेर काढा आणि भोकाला टिश्यू लावून शोषून घ्या. सुपरग्लूची साय पॉलिशच्या थरात भिजली की जवळजवळ दिसेनाशी होते. सिमेंटने कोरलेला ठसा मात्र याने जात नाही.

तडा लहान असेल आणि चौकटीच्या रेषेत असेल तर त्याच्या टोकाला ०.३ मिमी ड्रिलने बारीक भोक पाडून तो थांबवा आणि चौकट रंगवून झाका. खिडकीच्या मधोमधचा तडा पॉलिश लावल्यावर फिका होतो, पुसला जात नाही. पेट्रोलियमचा वॉश काचेच्या सांध्यावर साचू देऊ नका. ताणातल्या पॉलिस्टायरीनला तडकवायला तेवढं पुरतं.

तडा छताजवळ वारंवार येत असेल तर रोटर तपासा. बऱ्याच जुन्या किटमध्ये खांबाचं भोक पातळ छतात असतं आणि छत काचेच्या कडेवर टेकलेलं असतं. रोटर घट्ट खोवताना सगळा जोर काचेवर जातो. बॉडी बंद करण्याआधी फरशीपासून छतापर्यंत मागच्या भिंतीला लागून पितळी नळीचा खांब उभा करा आणि रोटरचा आस त्या नळीतच सैल बसेल असा ठेवा. रोटर काढता-घालता येतो आणि छतावर भार येत नाही. पाती झुकवायची असतील तर तीही आधीच: सुमारे ८० अंशांच्या पाण्यात काही सेकंद धरून हळूच वाकवा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा. उकळत्या पाण्यात पातं मुरडतं. बसवताना पात्याची जाड गोल कड फिरण्याच्या दिशेला पुढे हवी. वरून पाहिल्यास अलूएतसारखी फ्रेंच हेलिकॉप्टरं घड्याळाच्या दिशेने फिरतात, बेलची अमेरिकन उलट.

काच पिवळी, फुटलेली किंवा किटमध्ये नसलेलीच असेल तर सपाट खिडक्या ०.२५ मिमीच्या पारदर्शक शीटमधून कापा. गोलाकार नाकासाठी साचा लागतो. जुनी काच हाताशी असेल तर ती आतून साबणाचं पाणी लावून प्लास्टर ऑफ पॅरिसने भरा. प्लास्टरऐवजी इपॉक्सी जास्त भरला तर त्याची उष्णता काचेला वाकवते. निघालेला साचा गुळगुळीत करा आणि काठीवर बसवा. पारदर्शक पीईटी (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक) शीट चौकटीत घट्ट पकडून गरम करा, ती मधोमध झोळीसारखी लोंबू लागली की साचा एका दमात वर दाबा. दोन-चार तुकडे वाया जातात, त्यासाठी शीट जास्तीची ठेवा. पीईटीवर प्लास्टिक सिमेंटचा काही परिणाम होत नाही, म्हणून अशी काच इपॉक्सी किंवा कॅनॉपीच्या गोंदानेच लावावी लागते, आणि चौकटींची जागा रंगाऐवजी रंगवलेल्या डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ फिल्मच्या) पट्ट्यांनी दाखवणं सोपं जातं.